डाव्या पायाची विद्या



मोटार चालवावयास शिकणे हा काही इतिहासाचा विषय आहे काय, असे या व्याख्यानाचे नाव वाचून कोणी मनात म्हटले असेल, तर त्याला मी दोष देणार नाही. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवावेत, अशी आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते. पण गेली सव्वाशे वर्षे ज्या एका कसबावर लाखो घरांतली चूल पेटली, त्या कसबालाही जन्म आहे, वाढ आहे आणि आता उतरती कळाही आहे. ते कसब म्हणजे गिअरची गाडी चालविण्याचे. अशा गाडीत उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो. डावा पाय एका क्लचसाठी राखून ठेवलेला असतो. आज रस्त्यावर बिनक्लचच्या गाड्या वाढत चालल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तर बदलावयाचे गिअरच नसतात. म्हणजे डाव्या पायाला काम उरत नाही. अशा वेळी या डाव्या पायाच्या विद्येचा हिशेब एकदा मांडून पाहावा, असे मला वाटले.

मी उमेदीची वर्षे मोटार कामगारांच्या संघटनेत घालविली. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गॅरेजच्या ओट्यावर. त्यामुळे हा विषय मी पाहिला तो चालकाच्या बाजूने. माझ्यापुढे प्रश्न एकच आहे. यंत्र बदलले की माणसाला नव्याने शिकावे लागते. या शिकण्याचा खर्च आजवर कोणी सोसला, आणि तो कोणी सोसावयास हवा?

गिअर कशासाठी?

प्रथम गिअर लागतो कशाला, ते पाहू. बैल जागच्या जागी उभा असला तरी पहिल्याच पावलाला सगळा जोर लावू शकतो. वाफेच्या इंजिनालाही ते जमत असे. वाफ कोंडून ठेवली की गाडी उभी असतानाच दट्ट्यावर पुरा दाब येतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाचे तसे नाही. ते आधी फिरत असावे लागते, आणि सावकाश फिरत असताना त्याच्या अंगात जोर थोडा असतो. उभ्या गाडीच्या चाकांना ते सरळ जोडून दिले, तर गाडी हलण्याऐवजी इंजिनच बंद पडेल.

या अडचणीतून दोन वस्तू जन्माला आल्या. एक गिअरबॉक्स, म्हणजे लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाकडचा शाफ्ट साधारणपणे साडेतीन-चार फेरे फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एक फेरा फिरतो. वेग कमी होतो आणि त्या मानाने जोर वाढतो. वरच्या गिअरमध्ये जोर सोडून वेग घ्यावयाचा. दुसरी वस्तू क्लच. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबून धरलेल्या दोन तबकड्या. एक इंजिनाची, दुसरी गिअरबॉक्सची. पेडल दाबले की त्या वेगळ्या होतात, सोडले की जुळतात. सोडताना मध्येच एक क्षण असा येतो की त्या घसरत घसरत एकमेकींना पकडू लागतात. आपल्याकडचे चालक त्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात.

गाडी शिकणे म्हणजे मुख्यतः हा क्षण पायाने ओळखणे. तो डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक गाडीत तो निराळ्या उंचीवर असतो, आणि तबकडी झिजली की पुन्हा जागा बदलतो. नवशिका पाय एकदम सोडतो, गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते आणि मागचे लोक हॉर्न वाजवू लागतात. पंधरा-वीस दिवसांनी तोच पाय न सांगता बरोबर जागी थांबू लागतो. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, आणि एकदा आले की सहसा जातही नाही. ही दुसरी गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

चढावरचा धडा

कार्ल बेन्झ यांनी जर्मनीत १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीला एकच वेग होता. १८८८ च्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ पतीला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. सपाटीवर गाडी धावली, पण चढ आला की मुलांना उतरून ती ढकलावी लागे. परत आल्यावर त्यांनी चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा, असे सुचविले आणि पुढे तो बसविला गेला. गिअरची गरज रस्त्यावर प्रत्यक्ष सिद्ध केली ती एका बाईने. तिला शिकविणारे कोणी नव्हते आणि तिने परवानगीही मागितली नव्हती.

आजच्या गाडीची मांडणी मात्र फ्रान्समध्ये ठरली. पॅरिसला पानार आणि लव्हासोर या भागीदारांचा लाकूडकामाची यंत्रे करण्याचा कारखाना होता. एमिल लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे, त्यामागे क्लच, मग गिअर आणि शेवटी मागच्या चाकांना जोर, अशी रचना केली. दातेरी चाके शाफ्टवर पुढेमागे सरकवून एकमेकांत बसवावयाची, ही त्यांची युक्ती. १८९५ च्या जूनमध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशी सुमारे १,१७८ किलोमीटरांची शर्यत झाली. लव्हासोर यांनी जवळजवळ सर्व वेळ स्वतः गाडी हाकून ती ४८ तास ४८ मिनिटांत पुरी केली. त्या वेळी लोकांना हा मोठा चमत्कार वाटला.

परंतु ही सरकती चाके चालकाला सोपी नव्हती. दोन दातेरी चाके निरनिराळ्या वेगाने फिरत असताना एकमेकांत घुसवली, तर दात कडकडा वाजतात आणि प्रसंगी तुटतात. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर लोकलच्या वेगाने धावतो आणि मग दांडी पकडतो. उभ्याने पकडली तर तो फरफटत जाईल. गिअरचेही तसेच आहे. वेग आधी जुळवावा लागतो. यातून ‘डबल क्लच’ची रीत आली. वरून खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावयाची, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका झटका द्यावयाचा, चाकांचा वेग वाढला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा. हे सगळे सेकंदा-दीड सेकंदात, आणि तेही समोर बैल किंवा वळण आलेले असताना. किती झटका द्यावा हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवावयाचे. म्हणून जुने चालक म्हणत की गिअर हाताने बदलतात पण कानाने टाकतात.

शोफर आणि त्याचा मालक

‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत आग घालणारा. युरोपात मोटार प्रथम श्रीमंतांनी विकत घेतली, पण ती चालविणे आणि दुरुस्त करणे त्यांना येत नव्हते. कित्येकांनी आपल्या घोडागाडीच्या कोचमनलाच मोटार शिकावयास धाडले. त्यातून मालकांपुढे एक नवी अडचण उभी राहिली. घोड्याविषयी मालकाला थोडेबहुत कळत असे. मोटारीत मात्र तो मागे बसलेला, आणि पेटीत काय चालले आहे हे फक्त पगारी नोकराला ठाऊक. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी आणि अमेरिकी मोटार-नियतकालिकांत शोफर फार शेफारला आहे, तो गॅरेजवाल्यांकडून दलाली घेतो, मालकाच्या माघारी गाडी फिरवितो, अशा तक्रारी पुष्कळ आढळतात. त्यांतल्या काही खऱ्याही असतील. पण नोकराला मालकापेक्षा अधिक कळते, हे त्यांतले मूळ दुखणे होते.

सरकारचे धोरण काय होते? इंग्लंडमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने चालकाला परवाना सक्तीचा केला. पाच शिलिंग भरले की तो मिळे. गाडी चालविता येते की नाही, हे कोणी विचारीत नसे. सक्तीची परीक्षा आली ती १ जून १९३५ पासून. मधली तीस-एकतीस वर्षे शिकण्याची सगळी जबाबदारी शिकणाऱ्यावर आणि त्याच्या गाडीसमोर येणाऱ्यावर होती.

सोपे झाले ते कोणासाठी?

गिअर सोपा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी केला. त्यांची ‘मॉडेल टी’ १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींवर गाड्या बनल्या. तिच्यात सरकती चाके नव्हती. तीन पेडले होती: डावे दाबले की खालचा वेग, सोडले की वरचा, मधले मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. शेतकरी थोड्या दिवसांत ती चालवावयास शिकत असे.

पण त्याच फोर्ड यांच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली काय झाले, तेही पाहिले पाहिजे. सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची पद्धत तेथे सुरू झाली. एका गाडीचा सांगाडा जोडावयास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत, ते ९३ मिनिटांवर आले. कुशल जोडाऱ्याच्या जागी एकच खिळा दिवसभर ठोकणारा माणूस आला. कामगार इतके कंटाळले की त्या एका वर्षात काम सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. म्हणजे एकेक जागा वर्षात तीनचार वेळा भरावी लागली. १९१४ साली फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर देऊ केले, त्यामागे हे कारण होते. गाडी हाकणे सोपे झाले खरे. गाडी बनविणाऱ्याचे जिणे मात्र त्याच मापाने सोपे झाले नाही.

पुढची पायरी जनरल मोटर्स कंपनीची. तिच्या कॅडिलॅक गाडीत १९२८ साली ‘सिंक्रोमेश’ आले. यात दात एकमेकांत शिरण्यापूर्वी एक लहान निमुळती कडी घर्षणाने दोन्ही चाकांचा वेग सारखा करते. म्हणजे जे काम चालक कान देऊन आणि डबल क्लच मारून करीत असे, ते पेटीतल्या एका कडीने करावयास घेतले. त्यानंतर १९३९ साली याच कंपनीने ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स बाजारात आणला आणि क्लचचे पेडलच काढून टाकले. महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसविण्यात आला.

या दोन शोधांच्या मधोमध, ३० डिसेंबर १९३६ पासून ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत, मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे याच कंपनीच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून ४४ दिवस संप केला. संघटनेला मान्यता, हे त्यांचे मुख्य मागणे. आणि पट्ट्याचा वेग मालकाच्या मर्जीने वाढत जातो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. गाडी चालविणाऱ्याला दोन चाकांचे वेग जुळवून देणाऱ्या कंपनीला माणसाचा आणि पट्ट्याचा वेग जुळविण्यासाठी संप व्हावा लागला. कंपनीने शेवटी संघटनेला मान्यता दिली.

उस्ताद आणि क्लीनर

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा. आणि आज चालू आहे तो १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली एस.टी. गेली. या सगळ्या गाड्या चालविणारी माणसे आली कोठून?

काही आली सैन्यातून. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. खेचरे जाऊन मोटारी आल्या. बैलगाडीपलीकडे वाहन ठाऊक नसलेल्या हजारो तरुणांना लष्कराने ट्रक चालवावयास शिकविले. शिकविण्यासाठी उस्ताद नेमले, गाड्या दिल्या, आणि शिकण्याच्या दिवसांचा पगारही दिला. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यासुद्धा १९४५ साली लष्कराच्या महिला दलात मोटार चालविणे व दुरुस्त करणे रीतसर शिकल्या. गरज सरकारची असली म्हणजे शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा, याविषयी वाद होत नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते.

पण ट्रकच्या धंद्यात बहुतेकांची शाळा म्हणजे क्लीनरकी. पंधरा-सोळा वर्षांचे पोर ट्रकवर चढे. सकाळी गाडी धुवावी, इंजिनाला हँडल मारावे, टायर बदलावे, चहा आणावा, रात्री मालावर झोपून राखण करावी. पगार नावापुरता, पुष्कळदा दोन वेळचे जेवण आणि थोडा भत्ता. त्याच्या बदल्यात मध्यरात्रीनंतर रस्ता मोकळा झाला की उस्ताद कधीतरी चाक हातात देई. “डोळ्यांनी दांड्याकडं बघू नको, कान दे. इंजिन रडायला लागलं की खालचा टाक,” असे तो सांगे, पोर “व्हय उस्ताद” म्हणे, आणि चुकले की पाठीत धपका खाई. त्या काळच्या जड गाड्यांत सिंक्रोमेश नसे, किंवा वरच्या गिअरांपुरताच असे. अशी चार-सहा वर्षे काढल्यावर शिकाऊ लायसन, मग पक्के लायसन, मग बिल्ला.

या पद्धतीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. तीत मारहाण होती, पोरांच्या झोपेची चोरी होती आणि कायद्याचा भंगही होता. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कोणत्याही मालकाने पैसा खर्च न करता या देशाला लाखो चालक मिळाले, ते या उस्ताद-क्लीनरांच्या साखळीमुळे. एका निरक्षर माणसाने दुसऱ्याला दिलेली ही विद्या होती. तिची नोंद कोणत्याही हिशेबाच्या वहीत खर्च म्हणून पडली नाही.

घाटाचा नियम

या तोंडी विद्येत किती शास्त्र होते, ते घाटात कळते. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा,’ हा नियम आपल्या चालकांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. कारण असे की उतारावर नुसता ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, आणि फार तापला की त्याची पकड सुटते. खालचा गिअर घातला म्हणजे चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. जे बोरघाटात ट्रकवर वाढले, त्यांना हे कोणी फळ्यावर काढून दाखविले नव्हते.

मग काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल का करीत? डिझेल वाचविण्यासाठी. अनेक ठिकाणी मालक फेरीचे डिझेल मोजून देतात. जास्त लागले तर चालकाच्या पगारातून कापतात. या कपातीच्या भीतीने माणूस जिवावरचा धोका पत्करतो. गंमत अशी की आजच्या इंजिनात ही बचत खोटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल लागतच राहते. हे एका तासाच्या वर्गात समजावून देता येईल. पण तो तास कोणाच्या पगारात धरावयाचा, येथे घोडे अडते.

कायद्यानेही घाटाची ही विद्या ओळखली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार नियमांतील चालकाच्या परीक्षेत, उतारावर चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे आणि खड्या चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुन्हा निघाली पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रत्यक्षात कित्येकांची परीक्षा सपाट मैदानात आठाचा आकडा काढून संपते, हे श्रोत्यांना मी सांगावयास नको.

हातातला दांडा आणि पदरातली सनद

मुंबईकरांना फियाटची टॅक्सी चांगली आठवत असेल. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचा गिअरचा दांडा जमिनीतून न येता स्टिअरिंगच्या खालून डाव्या बाजूला आलेला असे. त्यामुळे पुढची बैठक सलग राही आणि चालकाशेजारी माणूस सुखाने बसे. अशा कित्येक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे; म्हणून गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, हा टॅक्सीवाल्यांचा पहिला पाठ. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेतून निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. ज्यांच्या डाव्या हाताला त्या दांड्याची सवय होती, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

विद्येची किंमत करण्यात आपण कसे चुकतो, याचे एक उदाहरण कायद्यातच सापडते. मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट नियमांत घालण्यात आली होती. वीस वर्षे घाट उतरलेल्या माणसाचा मुलगा सातवीत शाळा सुटली म्हणून परवान्याला अपात्र ठरे. २०१९ साली केंद्र सरकारने ही अट काढून टाकली, हे योग्यच झाले. मात्र अट काढताना तिच्या जागी खरेखुरे व्यावसायिक प्रशिक्षण सर्वत्र उभे राहावयास हवे होते. ते काम अजून पुष्कळ बाकी आहे.

कामाच्या तासांचेही असेच. १९३९ च्या कायद्याने चालकासाठी दिवसाला ९ आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ती ८ आणि ४८ वर आणली. २०२० साली हा कायदा नव्या श्रमसंहितेत सामावून घेण्यात आला. या आठ तासांत डाव्या पायाला किती काम असते, याचा साधा हिशेब करून पाहा. शहरातल्या बसच्या एका फेरीत ३० थांबे धरा आणि दर थांब्यामागे निघताना व थांबताना मिळून पाच वेळा क्लच धरा. एका फेरीला १५० वेळा झाले. आठ फेऱ्यांना १,२००. वाहतुकीची कोंडी यात धरलेली नाही. गुडघा आणि कंबर धरून बसलेले निवृत्त चालक मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून क्लच गेला, तर माझ्यासारख्याला आनंदच आहे. यंत्राने माणसाचे कष्ट घेतले, याबद्दल कामगाराने रडू नये.

विसरणे हेही शिकणेच

मग तक्रार कशाबद्दल? गाडी सोपी झाली म्हणजे शिकविण्याची गरज संपली, असे जे मानले जाते, त्याबद्दल. आपल्याकडे २०१४ पासून स्वस्त मोटारींतही आपोआप बदलणारा गिअर येऊ लागला, आणि गेल्या काही वर्षांत शहरांच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या आल्या. विजेच्या मोटारीला बैलासारखा पहिल्याच पावलाला पुरा जोर असतो. तेथे हाफ क्लच नाही, इंजिनाचे रडणे नाही, कानाला खूण नाही.

आता मी मघाशी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. पायाला लागलेली सवय सहसा जात नाही. गिअरच्या गाडीत अचानक काही आडवे आले की चालक दोन्ही पाय दाबतो. डाव्या पायाने क्लच दाबला गेला की इंजिन चाकांपासून सुटते; गोंधळात उजवा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर गेला, तरी गाडीला नवा जोर मिळत नाही. वीस वर्षांच्या सवयीने डाव्या पायात हे कवच तयार होते. बिनक्लचच्या गाडीत तोच पाय खाली जातो आणि त्याला तेथे काहीच सापडत नाही. म्हणून जुन्या चालकाला नव्या गाडीवर बसविताना त्याला नवे शिकवावे लागते त्याहून अधिक, जुने विसरावयास शिकवावे लागते. या कामाला दिवस लागतात.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या सेवेत कंत्राटावर असलेली एक विजेची बस गर्दीत शिरली आणि नऊ माणसे प्राणांस मुकली. अपघाताचे कारण आणि दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मी येथे निवाडा देत नाही. पण त्या चालकाला अशा गाडीचे शिक्षण किती मिळाले होते, हा प्रश्न दुसऱ्याच दिवसापासून सगळे विचारू लागले. माझे म्हणणे एवढेच की हा प्रश्न गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

आमच्या संघटनेचा एक अनुभव सांगतो. एका खासगी वाहतूक संस्थेत बिनक्लचच्या नव्या गाड्या आल्या. चालकांना सकाळी आवारात दोन चकरा मारावयास लावून संध्याकाळी फेरीवर पाठविण्याचा बेत होता. आम्ही तीन दिवसांचे पगारी प्रशिक्षण मागितले. व्यवस्थापक म्हणाले, “अहो, ही गाडी तर लहान मूलही चालवील, शिकवायचे काय त्यात?” आमच्यातला एक वयस्क चालक उठून म्हणाला, “साहेब, लहान मुलाला क्लचची सवय नसते, ती मला आहे.” या उत्तरावर व्यवस्थापक गप्प झाले. तीन दिवसांचे दोन दिवस झाले, पण पगारासह मिळाले.

तेव्हा या सव्वाशे वर्षांच्या हिशेबातून निघते ते असे. शोफरच्या काळापासून क्लीनरच्या काळापर्यंत शिकण्याचा खर्च चालकाने आपल्या झोपेतून, तारुण्यातून आणि कधी कधी हाडांतून भरला. सैन्याने तो उचलला, तेव्हा काही महिन्यांत हजारो चालक तयार झाले. म्हणजे हे अशक्य नाही. ज्याच्या मालकीची गाडी बदलते, त्याने ती शिकविण्याचे दिवस कामाचे दिवस धरावेत; शिकविण्यासाठी जुन्याजाणत्या चालकांना नेमून त्यांना त्याचा मोबदला द्यावा; आणि शिकल्याचा दाखला कामगाराच्या हाती द्यावा, म्हणजे दुसरीकडे गेल्यावर त्याची विद्या शून्य धरली जाणार नाही. आमची मागणी यापेक्षा मोठी नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकजण चालक नाहीत. प्रवासी आहात, रस्त्याने चालणारे आहात. पण या मागणीत आपला वाटा चालकाइतकाच आहे. उद्या आपल्या गावच्या रस्त्यावर नवी बस येईल, तिला तोरण बांधले जाईल, पुढारी फीत कापतील. त्या समारंभात बसची किंमत सांगितली जाईल. आपण उठून एवढेच विचारावे की ती चालविणाऱ्याला किती दिवस शिकविले. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नये.